चौथा ब्लॉक कुठं गेला?

सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथवरच्या औषधाच्या चाचणीचा तुझा अहवाल मिळाला. चकचकीत आहे. आलेख रंगीत, फोटो सुबक, इंग्रजी बिनचूक. आत काम कुठं आहे ते शोधत बसलो. सापडलं नाही.

‘सर, जरा नजर टाका, शुक्रवारी क्लायंटला द्यायचाय,’ असं वर लिहिलंयस. नजर टाकली. शुक्रवारी द्यायचा नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. का, ते आता ऐक. आणि मधे मधे ‘पण सर’ करू नकोस.

तू ढ असतास तर ‘छान, प्रगती आहे’ एवढं लिहून मोकळा झालो असतो. ढ पोरांवर शाई खर्च करायची मला सवय नाही. पण तू ढ नाहीस, हीच तर पंचाईत. पानसे-सुखात्म्यांचं पुस्तक बाकीची पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स करून आणायची. तू ते वर्षभर काखेत घेऊन हिंडायचास. शेतीच्या संख्याशास्त्राचं, १९५४ सालचं पुस्तक. त्यातले पानसे इंदूरला कापसाच्या प्लॉटांत आकडे मोजत मुरलेले, सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, पुढं रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत बसून जगाच्या भुकेचा हिशोब मांडणारे. ब्लॉक कसे पाडायचे, चिठ्ठ्या कशासाठी टाकायच्या, हे आपल्याकडच्या कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यांच्याकडून शिकल्या. तूही शिकलास. मग हॉलंडातल्या डीमनला जाताना ते सगळं विमानतळावरच्या कस्टमवाल्यांनी काढून घेतलं का?

पहिला प्रश्न. कंट्रोल कुठाय?

न फवारलेली झाडं म्हणून तू एक ओळ दाखवलीयस. बागेच्या अगदी कडेची, एल्डरच्या कुंपणाला चिकटून, पलीकडं पाण्याचा चर. चारही ब्लॉकचा कंट्रोल त्या एकाच ओळीत, सलग. आणि खाली लिहितोस, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या. चारही वेळा कडेचीच ओळ निघाली? असली लॉटरी कुठं लागते ते मलाही सांग, एक तिकीट घेतो.

कारण मला ठाऊक आहे. बागवाला म्हणाला असेल, मधली झाडं न फवारता सोडणार नाही, माझं नुकसान होईल. तू मान डोलावलीस. त्याचं बरोबरच आहे. एल्स्टार सफरचंदं त्याची, पोट त्याचं. म्हणून तर चाचणीच्या अंदाजपत्रकात नुकसानभरपाईचा रकाना असतो. तो तू कोरा ठेवलास. कशासाठी? कंत्राट मिळावं म्हणून आकडा खाली आणायचा होता. आणि आता दोष कोणाचा, तर शेतकऱ्याचा. ‘इथले लोक सहकार्य करत नाहीत सर.’ नाचता येईना, अंगण वाकडं.

आता तुझा लाडका आकडा. परिणामकारकता १०० टक्के. ठळक अक्षरांत, चौकटीत. कशावरून? कंट्रोलमधली दीडशे फळं तपासलीस, त्यात किडकी तीन. फवारलेली दीडशे तपासलीस, त्यात एकही नाही. ॲबटच्या सूत्रात घातलंस, शंभर आलं, खूश झालास. डब्ल्यू. एस. ॲबटनं १९२५ साली ते सूत्र मांडलं ते एवढ्यासाठी की, जी कीड आपसूक मरते तिचं श्रेय औषधाला जाऊ नये. खोटं श्रेय खोडण्याचं हत्यार आहे ते. तू त्यानंच श्रेय लाटलंस.

एक काम कर. ती तीन किडकी सफरचंदं समोर ठेव. एकेकासाठी नाणं उडव. छापा आला तर कंट्रोलच्या टोपलीत, काटा आला तर औषधाच्या. तिन्ही कंट्रोलच्याच टोपलीत पडायची शक्यता किती? आठात एक. म्हणजे असल्या आठ बागांत पंपातून नुसतं पाणी फवारलं असतं तरी एका बागेतून हाच अहवाल निघाला असता. हीच चौकट. हीच ठळक अक्षरं. समोरचा पैलवान आखाड्यात उतरलाच नाही आणि तू गदा खांद्यावर टाकून मिरवतोयस. ज्या बागेत कीडच नव्हती तिथं औषधाची परीक्षा झालीच कशी? हे तुला कळत नाही असं समजू? कळतं. म्हणून तर फळांची संख्या तू पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत टाकलीस. न कळणारा माणूस ती मोठ्या अक्षरांत टाकतो.

थांब, अजून आहे. किडक्या फळांचे फोटो पाहिले. त्यातल्या एका फळाच्या सालीवर तपकिरी, खरबरीत, फितीसारखा व्रण आहे. खाली तू लिहिलंस, कॉडलिंग मॉथ. अरे, डोळे आहेत की बटणं? तो सॉफ्लायचा व्रण. फूल गळता गळता तिची अळी कोवळ्या फळाच्या सालीखालून सरपटत जाते, साल फाटते, फळाबरोबर व्रण मोठा होतो. कॉडलिंगची अळी अशी सालीवर रेंगाळत नाही. ती छिद्र पाडून आत शिरते, थेट गाभ्यात, बिया खाते, आणि भोकाच्या तोंडाशी लाकडाच्या भुश्शासारखी विष्ठा ढकलून ठेवते. आणि पान फळाला चिकटवून त्याआड सालच कुरतडणारी आढळली तर ती तिसरीच, पानं गुंडाळणारी अळी. हे सालीवरून पुरतं कळत नसेल तर काय करायचं? फळ कापायचं. सुरी घ्यायची आणि उभं कापायचं. गाभ्यात बोगदा आहे का, बी पोखरलंय का, बघायचं. तू एकही फळ कापलेलं नाहीस. एकाही कापलेल्या फळाचा फोटो नाही. हात चिकट होतात, नाही का?

आणि गंमत बघ. तुझी फवारणी जूनच्या मध्यावरची. सॉफ्लायचा तो व्रण तोवर झालेला असतो. तुझं औषध बाटलीत होतं तेव्हाची ती जखम. ती तू कंट्रोलच्या खात्यावर टाकलीस. ती वजा केली की किडकी फळं उरली दोन. आठात एकची शक्यता झाली चारात एक. अजून एक फळ कापलंस तर नुसतं नाणंच हातात राहील.

शिवाय मोजलीस ती फक्त झाडावरची फळं. आत अळी शिरलेलं फळ वेळेआधी पिकतं आणि गळतं. खाली पडलेली कोणी मोजायची? मी यायचं होतं?

आता वाऱ्याचं. फोनवर म्हणालास, ‘हॉलंडात वारा फार असतो सर, थोडं इकडंतिकडं होणारच.’ ज्या देशानं पवनचक्क्यांनी पाणी उपसून जमीन कोरडी केली, त्या देशात वारा असतो, हा शोध तुला लागला होय! तिथल्या शेतकऱ्याला वारा सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला की फवारणी करता येत नाही, हा नियम आहे. २०१८ पासून औषध उडून जाणं किमान पाऊण हिश्शानं कमी करणारी साधनं वापरणं त्याला सक्तीचं आहे. तो बिचारा पाळतो. आणि तू, ज्याचं कामच मोजण्याचं, तू एकेका ओळीचे प्लॉट टाकतोस. दोन ओळींत अंतर तीन मीटर. मधे उंच पंख्याचा पंप. शेजारच्या ओळीला औषधाची आंघोळ होणार हे सांगायला किडीचा डॉक्टर लागतो? प्लॉट तीन ओळींचा टाकायचा, मोजणी मधल्या ओळीची करायची, कडा सोडून द्यायच्या. पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा तो पिवळा कागद मिळतो. त्याचे चार तुकडे कंट्रोलच्या पानांना टाचले असतेस तर दहा मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. टाचले नाहीस. खरं कळायला नको होतं, असं मी म्हणतो. तू काय म्हणतोस?

मात्रेबद्दल एकच ओळ विचारतो. हेक्टरी मात्रा दिलीस, झाडाची उंची कुठाय? पानांची भिंत अडीच मीटर असेल आणि ओळी तीन मीटरवर, तर एका हेक्टरात दोन्ही बाजू धरून फवारायची भिंत भरते साधारण १६,७०० चौरस मीटर. झाडं दीड मीटरची असतील तर १०,०००. त्याच बाटलीतली तीच मात्रा एका बागेत पातळ आणि दुसरीत दाट. म्हणून आता युरोपात भिंतीच्या क्षेत्रफळावर मात्रा मांडतात. झाडाला टेप लावायला किती वेळ लागतो रे?

फवारणीची तारीख कशी ठरवलीस हे तर मी विचारतच नव्हतो, पण तुझ्या डायरीत तूच लिहून ठेवलंयस: ‘शुक्रवार, गाडी उपलब्ध.’ वा! पतंगानं अंडी घालायची ती तुझ्या कंपनीच्या गाडीच्या सोयीनं. अरे, संध्याकाळचं तापमान पंधरा अंशांच्या वर राहिलं तर ती मादी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोडा वेळ उघड्यावर असते, मग फळात शिरते. शिरली की तुझा फवारा सालीवरून ओघळतो आणि ती आत बसून बी खाते. उघड्यावरचा तो काळ गाठायचा म्हणून कामगंध सापळे लावायचे, पतंग मोजायचे, दहा अंशांच्या वरची उष्णता रोजच्या रोज बेरजेला धरायची. सापळा तू लावलास. एक. त्यातली मोजणी? ‘बागमालकाकडून फोनवर.’ डीमनच्या फ्लॅटमध्ये पाय पसरून बेतुवे भागातली बाग चालवायची, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. बाग काही आसाममध्ये नाही. एटू रस्त्यानं तासाभरात पोचतोस.

आता मुद्द्याचं. आराखड्याच्या नकाशात ब्लॉक चार. परिशिष्टात ब्लॉक तीन. तळटीप: ‘तांत्रिक कारणास्तव एक ब्लॉक वगळला.’ तांत्रिक कारण म्हणजे काय? विचारल्यावर म्हणालास, नोझल तुंबलं होतं. बरं. पण मोठ्या उत्साहात तू शेतातल्या वहीच्या पानांचे फोटोही पाठवलेस. स्वतः न पाहताच पाठवलेस वाटतं. फवारणीच्या दिवशी तुझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘सर्व नोझल तपासली, ठीक.’ आणि ऑगस्टच्या पानावर, ब्लॉक चार, पूर्ण मात्रा: पन्नासात सात किडकी. त्यावर आडवी रेघ.

लाज वाटली का रे ती रेघ मारताना? वाटली असणार. रेघ वाकडी आलीय.

हिशोब तर बघ. चार ट्रीटमेंट, चार ब्लॉक. त्रुटीच्या अंदाजाला उरलेल्या स्वातंत्र्याच्या कोटी (डिग्रीज ऑफ फ्रीडम) नऊ. त्या बाराच्या खाली नसाव्यात असं एप्पो या युरोपातल्या पीकसंरक्षण संघटनेची मार्गदर्शक सूत्रं सांगतात, आणि वर्गात मी फळ्यावर लिहायचो. म्हणजे मुळातच पाच ब्लॉक हवे होते. त्यात तू एक खोडलास. राहिल्या सहा. आडात नाही ते पोहऱ्यात आणायची ही कुठली विद्या?

आणि अक्कल अशी की, जे सांगण्यासारखं होतं तेवढंच खोडलंस. तीन ब्लॉकांत काही घडलंच नाही. जिथं कीड खरोखर आली होती तो एकच ब्लॉक, आणि तिथं पूर्ण मात्रा देऊनही शंभरात चौदा फळं गेली. का गेली? फवारा वरच्या फांद्यांपर्यंत पोचला नाही? वेळ चुकली? शेजारच्या जुन्या लाकडी खोक्यांच्या थप्पीतून पतंग आले? की त्या किडीला औषधाचं काही वाटेनासं झालंय? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आणलं असतंस तर मी तुला नमस्कार केला असता.

१९१४ साली अमेरिकेत मेलँडर नावाच्या माणसानं एका लेखाला प्रश्नच मथळा म्हणून दिला होता: किडी फवाऱ्याला दाद देईनाशा होऊ शकतात का? चुना-गंधकाचा फवारा मारूनही फळबागांतली खवलेकीड काही ठिकाणी जिवंत राहत होती. त्याला म्हणता आलं असतं, नोझल तुंबलं. तो म्हणाला नाही. कॉडलिंग मॉथचा विषाणू घे. सेंद्रिय बागांचा केवढा आधार तो. जर्मनीतल्या काही बागांत तो चालेना, तेव्हा तिथल्या लोकांनी बागवाल्यांना ‘तुम्ही नीट फवारलं नाही’ म्हणून वाटेला लावलं नाही. अळ्या आणल्या, प्रयोगशाळेत तपासल्या. २००५ च्या सुमाराला जगाला कळलं की काही ठिकाणच्या अळ्यांना मारायला हजारपट आणि त्याहूनही जास्त विषाणू लागतो. फसलेल्या बागांच्या नोंदी कोणी खोडल्या नाहीत म्हणून कळलं.

लांबचं सोड. डीमनच्या स्टेशनातून पूर्वेकडं जाणारी लोकल पुढं कुठं थांबते? वेस्पला. तिथल्या फिलिप्स-डूफारच्या लोकांनी १९७० च्या आसपास तणनाशक शोधायला म्हणून दोन तणनाशकांचे रेणू जोडून एक नवा पदार्थ केला. तणनाशक म्हणून तो बिनकामाचा निघाला. पण किडींवर तपासताना दिसलं की अळ्या मरतायत, आणि तेही लगेच नाही. कात टाकायची वेळ आली की नवी कातडी नीट घडत नव्हती. डायफ्लुबेन्झुरॉन पुढं त्याच्यापासूनच घडवलं. किडीची कात अडवणाऱ्या औषधांचं अख्खं घराणं त्यातून निघालं. आता विचार कर, त्या टेबलाशी तू असतास तर? ‘तणावर परिणाम नाही, अळ्या दुसऱ्या दिवशी जिवंत, तांत्रिक कारणास्तव वगळले.’ आणि पाच वाजता घरी.

मित्रकिडींचा रकाना तू ‘लागू नाही’ म्हणून सोडलास. लागू नाही? फांदीखाली कापड धरून काठीनं झटकायची, पडलेल्या कात्रीकिडी, लेडीबर्ड, कोळी मोजायचे. हे काम बेतुवेत माणसं कित्येक दशकं करत आलीयत. डीडीटी आल्यावर सफरचंदावर लालकोळी का माजली हे तू मला तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतंस: कोळी खाणारे कोळी मेले म्हणून. मग आता? आणि उसावरचा लोकरी मावा आठव, २००२ चा, सांगलीकडचा. पंप पाठीवर घेऊन माणसं उसात शिरता शिरेनात. शेवटी डायफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी तो आटोक्यात आणला. ज्यानं त्याच आठवड्यात फवारलं असेल तो आजही म्हणत असेल, माझ्या औषधानं गेला. त्याला कंट्रोल नव्हता. तुला तर कंट्रोल ठेवायचा पगार मिळतो.

‘सर, एवढं कोण बघतं?’ हेही म्हणालास. हे मात्र मला झोंबलं. एडेला औषधांना परवाने देणाऱ्या सीटीजीबीत अहवाल तपासणारी माणसं आहेत, ती बघतील न बघतील. पण तुझा आकडा कुठं कुठं जातो ते तुला माहीत नाही? आकडा लेबलावर जातो. लेबलावरून मात्रा, मात्रेवरून किती वेळा फवारायचं ते. औषध लेबलाइतकं चाललं नाही की माणूस काय करतो? मात्रा वाढवतो. दोन औषधं एकत्र कालवतो. दुकानदाराला विचारतो, तो तिसरं देतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळला कपाशी फवारताना वीसहून अधिक माणसं विषबाधेनं गेली. त्याला कारणं अनेक होती, एका अहवालाचं ते पाप नव्हे, हे मलाही कळतं. पण डोक्याइतक्या उंच कपाशीत अंगावर औषध घेत चालणाऱ्या मजुराच्या हातात शेवटी तेवढीच चीज असते, बाटलीवरचा कागद. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचा अंश निघाला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते तू घरात पाहिलंयस. तुझ्याच वडिलांच्या बागेतला माल होता. आणि तूच विचारतोस, कोण बघतं!

सुटीच्या सकाळी डीमर पार्कात धावायला जातोस, फोटो टाकतोस. त्या हिरवळीखाली काय आहे ते विचार एकदा. जुन्या डीमर सागरी बांधाच्या त्या जागेवर एके काळी रासायनिक कचरा आणून टाकत आणि जाळत. पुढं भोवती भिंत घालून, वर आच्छादन टाकून तो तिथंच कोंडून ठेवावा लागला. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, एवढं कोण बघतं.

आता पुढचं. उद्या सकाळी क्लायंटला कळव की या हंगामाची चाचणी तीन ब्लॉकांत कीड न आल्यामुळं आणि आराखड्यातल्या दोषामुळं निकालासाठी बाद. बाद हाच शब्द लिही, ‘मर्यादित स्वरूपाची’ वगैरे मखलाशी नको. साहेब ओरडेल. ओरडू दे. नोकरी जाणार नाही. आणि गेली तर फळ कापता येणाऱ्या माणसाला दुसरी मिळते. बागवाल्याला भेट, फोन नको, समोर जाऊन बस. पुढच्या वर्षी मधल्या ओळी न फवारता सोडायचे किती पैसे घेणार ते लिहून घे आणि तो आकडा अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत टाक. पाच ब्लॉक पाड. चिठ्ठ्या बायकोसमोर टाक, म्हणजे खऱ्या पडतील. एप्रिल संपायच्या आत सापळे टांगून झालेले असू देत, आणि मोजणी करणाऱ्या पोराला कुठला प्लॉट फवारलेला हे सांगू नकोस.

चौथ्या ब्लॉकच्या झाडांवर अजून फळं असतील तर शनिवारी जाऊन काप. जमिनीवरची आधी. वहीची मूळ पानं मला पाठव, खाडाखोडीसकट. आलेख नकोत.